एकाच डब्यातील तेल सर्व इंजिनांना चालेल काय?

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की गाडीवान खाली उतरून त्याला वंगण घालीत असे. ते वंगण एरंडेलाचे आहे की आणखी कशाचे, याची फारशी चिकित्सा कोणी करीत नसे. आस गप्प झाला म्हणजे काम भागले. शेतात यंत्रे आली, बैलांची दावण हळूहळू रिकामी झाली. परंतु वंगणाविषयीची ही जुनी सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली आहे. आज एखाद्या मध्यम बागाईतदाराच्या पडवीत डोकावले, तर ट्रॅक्टर, ओढ्यावरच्या पाणी उपसण्यासाठी ठेवलेले डिझेल इंजिन, कोळपणीचे लहान यंत्र, पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप आणि घरची मोटारसायकल अशी पाच निरनिराळी इंजिने तेथे आढळतात. कोपऱ्यात तेलाचा डबा मात्र एकच असतो. तो ट्रॅक्टरसाठी आणलेला असतो आणि गरज पडेल तसे त्यातलेच तेल इतर चौघांच्या पोटात जाते. "तेल ते तेल, त्यात काय एवढे?" असा सर्वसाधारण समज आहे.

या समजाचे नुकसान असे की, चुकीचे तेल घातल्याचे त्याच दिवशी कळत नाही. इंजिन सुरू होते, आवाजही बरा येतो. दोष पुढे केव्हा तरी उघड होतो, आणि तो बहुधा नको त्या वेळी होतो. वाफसा आलेला असताना ट्रॅक्टर धूर ओकू लागतो. कपाशीवर किडीचा जोर असताना फवारणी पंप धरतो. दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल चढावर नुसती गुरगुरते आणि पुढे सरकत नाही. कारागिराकडे नेल्यावर रिंगा, बोअर, क्लचप्लेटा असे काम निघते. त्या कामाला लागणारा पैसा तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि वाया गेलेले चार-आठ दिवस तर कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

तेलाने काय करावयाचे असते?

धातूवर धातू घासू नये म्हणून मधे तेलाचा पातळ पापुद्रा ठेवणे हे तेलाचे पहिले काम, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेवढेच त्याचे काम नव्हे. पिस्टनच्या तळाची उष्णता तेल वाहून नेते. रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधील फट भरून दाब टिकविते. इंधनाच्या ज्वलनातून उत्पन्न होणारी काजळी व आम्ले आपल्यात सामावून घेते आणि बंद असलेले इंजिन गंजण्यापासून वाचविते. ही सर्व कामे करता यावीत म्हणून मूळ खनिज तेलात निरनिराळी रासायनिक द्रव्ये मिसळलेली असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) विमानांच्या कित्येक इंजिनांत चक्क एरंडेल घालीत. वंगण म्हणून ते उत्तमच होते, परंतु तापून त्याचा चिकट राळेसारखा थर बसे आणि इंजिन वारंवार खोलून साफ करावे लागे. आजचे इंजिन तेल या अर्थाने निव्वळ तेल नसून विशिष्ट कामासाठी तयार केलेले मिश्रण आहे. म्हणूनच एका कामासाठी केलेले मिश्रण दुसऱ्या कामाला चालेलच असे नाही.

डब्यावरील आकडे

तेलाच्या डब्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि कामाची माहिती बारीक अक्षरांत असते. ही बारीक अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. त्यांपैकी पहिली खूण म्हणजे एस.ए.ई. या अक्षरांपुढील आकडे. १५ डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-४०, १० डब्ल्यू-३० असे ते लिहिलेले असतात. हा आकडा तेलाच्या उत्तमपणाचा नसून दाटपणाचा आहे. ४० चे तेल ३० च्या तेलापेक्षा चांगले असते असे मुळीच नाही. ते तापल्यावर अधिक दाट राहते, एवढाच त्याचा अर्थ.

काकवी थंडीत घागरीतून उतरता उतरत नाही आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी धावते. तेलाचेही असेच आहे. जोडआकड्यांतील शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन कामात असताना, तेल किती दाट राहील हे सांगतो. या उष्णतामानास ३० च्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० च्या तेलाचा १२.५ ते १६.३ आणि ५० च्या तेलाचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असावा लागतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर २० अंश उष्णतामानाच्या साध्या पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिस्टोक असतो.

'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा, थंडीत इंजिन सुरू करताना तेल किती सहज हलेल हे दर्शवितो. येथे मात्र थोडे तारतम्य हवे. २० डब्ल्यूच्या तेलाची ही कसोटी शून्याखाली १५ अंशांवर, १५ डब्ल्यूची शून्याखाली २० अंशांवर आणि १० डब्ल्यूची शून्याखाली २५ अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षपट्ट्यात कडाक्याच्या थंडीतही पारा फार तर ५ अंशांच्या खाली उतरतो. त्यामुळे निव्वळ थंडीसाठी महागडे ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यूचे तेल घेण्याचे येथे कारण नाही. परंतु निर्मात्यानेच इंजिनाच्या बारीक फटींचा व तेलमार्गांचा विचार करून पातळ तेल सांगितले असेल, तर "आपला मुलूख उष्ण आहे" म्हणून दाट तेल घालणेही बरोबर नाही. दाट तेल सकाळी इंजिन सुरू करताना वरच्या भागात पोचावयास उशीर लावते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होत असते.

उन्हाळ्याचा परिणाम सर्व इंजिनांवर सारखा होत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ट्रॅक्टरच्या इंजिनाभोवती पाणी खेळत असते आणि ते ठराविक उष्णतामानावर राखलेले असते. बाहेर चंद्रपूरचा मे महिना असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, रेडिएटर स्वच्छ असेल तर आतील तेलाच्या उष्णतामानात त्या मानाने फरक कमी पडतो. ज्या इंजिनाला केवळ वाऱ्याने थंडावा मिळतो, त्याचे मात्र तसे नाही. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा कोळपणी यंत्राचे किंवा मोटारसायकलीचे तेल खरोखरच फार तापते. अशा इंजिनांच्या पुस्तिकेत हवामानानुसार दाटपणाचा तक्ता दिलेला असतो. तो पाहूनच ३०, ४० की ५० हे ठरवावे.

दोन अक्षरांचा दर्जा

दाटपणा जुळला म्हणजे निवड संपली असे नाही. डब्यावरील दुसरी खूण ए.पी.आय. या अक्षरांपुढे असते. तिचे पहिले अक्षर 'एस' असेल तर ते तेल पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी' असेल तर डिझेल इंजिनासाठी केलेले असते. त्यापुढील अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी कसोटी अलीकडची. डिझेल तेलांत सी.एच.-४ हा दर्जा १९९८ सालचा, सी.आय.-४ हा २००२ चा, सी.जे.-४ हा २००६ चा आणि सी.के.-४ हा २०१६ च्या अखेरचा आहे. सामान्यतः पुढच्या दर्जाचे तेल मागच्या दर्जाच्या जागी चालते. मागच्या दर्जाचे पुढच्याच्या जागी चालत नाही. सी.के.-४ बरोबरच एफ.ए.-४ नावाचा एक पातळ तेलाचा दर्जा निघाला आहे. तो विशिष्ट नव्या इंजिनांपुरताच आहे. जुन्या इंजिनात तो घालू नये.

डिझेल इंजिनात काजळी पुष्कळ होते. ती एकत्र गोळा होऊ न देता तेलात तरंगत ठेवणारी द्रव्ये डिझेलच्या तेलात भरपूर असतात. मोटारसायकलीचे उरलेले पेट्रोलचे तेल पाणी उपसण्याच्या डिझेल इंजिनात घातले, तर दाटपणा जुळूनही काजळीचा बंदोबस्त होत नाही. रिंगांच्या खाचा भरतात, रिंगा चिकटतात आणि इंजिन तेल पिऊ लागते. विहिरीवरील जुन्या एकसिलिंडर इंजिनांच्या पुस्तिकेत कित्येकदा ३० किंवा ४० असा एकेरी आकडा असतो. तेथे त्याच आकड्याने संपणारे आजचे डिझेल दर्जाचे जोडआकडी तेल बहुधा चालते, आणि सकाळी हँडल मारणाऱ्यास ते हलकेही जाते.

डिझेलमधील गंधकाविषयीचा जुना सल्ला आता बदलला आहे. गंधक जळून आम्ल तयार होते आणि त्यामुळे तेल लवकर निकामी होते, म्हणून पूर्वी तेल लवकर बदलण्यावर मोठा भर असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांहून अधिक असत नाही. त्याआधी ते ५० पर्यंत आणि त्याही पूर्वी कितीतरी अधिक असे. आम्लाचा त्रास त्या मानाने उतरला. धुळीचा आणि काजळीचा मात्र होता तसाच आहे. ज्या नव्या इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, त्यांना जळल्यावर राख कमी ठेवणारे तेल लागते. अशा ट्रॅक्टरात जुन्या दर्जाचे तेल घातल्यास राखेने ती गाळणी बुजते, आणि ती गाळणी स्वस्त नसते.

मोटारसायकल आणि तिची चौचाकी भावंडे

सर्वांत अधिक चुका होतात त्या येथे. ट्रॅक्टरात इंजिनाचे तेल वेगळे, गिअरचे वेगळे आणि क्लच बहुधा कोरडा असतो. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत ही तिन्ही बिऱ्हाडे एकाच घरात नांदतात. पिस्टनला वंगण देणारे तेलच गिअरच्या दात्यांमधून जाते आणि त्याच तेलात क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात. म्हणजे या एका तेलाने दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात: इंजिनात घर्षण कमी करावयाचे, आणि क्लचमध्ये मात्र प्लेटांची पकड टिकेल एवढे घर्षण राखावयाचे.

मोटारींसाठी तयार केलेल्या कित्येक पातळ तेलांत इंधनाची बचत व्हावी म्हणून घर्षण आणखी कमी करणारी खास द्रव्ये घातलेली असतात. मोटारीचा क्लच तेलाबाहेर असल्यामुळे तेथे ती उपकारकच ठरतात. तेच तेल मोटारसायकलीत गेले की प्लेटा निसटू लागतात. इंजिनाचा वेग वाढतो, आवाज वाढतो, पण चाक त्या प्रमाणात फिरत नाही. सपाट रस्त्यावर एकटा माणूस बसला असता हे जाणवतही नाही. मागे खताची गोणी बांधून बांध चढू लागले की जाणवते. निसटणाऱ्या प्लेटा तापतात, तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग योग्य तेल घालूनही पकड परत येईलच अशी खात्री नसते. लक्षण दिसताच तेल काढून टाकले तर पुष्कळदा प्लेटा वाचतात.

यासाठी जपानी मोटार उद्योगाच्या मानक संस्थेने १९९८ साली मोटारसायकलींच्या तेलाचे वेगळे मानक ठरविले. डब्यावर 'जासो' या शब्दापुढे एम.ए. किंवा एम.बी. अशी अक्षरे असतात, ती त्याच मानकाची होत. एम.ए. म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला पकड देणारे तेल. २००६ पासून त्याचे एम.ए.१ व एम.ए.२ असे पोटभेद झाले असून एम.ए.२ मध्ये पकड अधिक असते. एम.बी. हे कमी घर्षणाचे तेल. ज्यांचा क्लच तेलाबाहेर असतो अशा बिनगिअरच्या स्कूटरींसाठी ते असते. घरात मुलीची स्कूटर आणि वडिलांची मोटारसायकल असली, आणि दोन्ही डब्यांवर १० डब्ल्यू-३० असाच आकडा असला, तरी ती तेले एक नव्हेत. दुकानदारही येथे चुकतो. म्हणून अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत.

मग ट्रॅक्टरचे १५ डब्ल्यू-४० तेल मोटारसायकलीला सरसकट वर्ज्य काय? काही डिझेल तेलांच्या डब्यावर डिझेलच्या दर्जाबरोबर जासो एम.ए. असेही छापलेले असते. असे तेल क्लचच्या कसोटीस उतरलेले असते, आणि पुस्तिकेतील दाटपणाशी जुळत असेल तर ते घालण्यास हरकत नाही. ही अक्षरे नसलेले तेल मात्र क्लचवर पारखलेले आहे असे धरून चालता येत नाही. एकाच्या गाडीत ते दोन वर्षे चालले, यावरून दुसऱ्याच्या गाडीत ते चालेलच असे ठरत नाही.

गिअरचे दाते तेलावर आणखी एक अत्याचार करतात. जोडआकडी तेल तापल्यावरही दाट राहावे म्हणून त्यात लांब साखळीची द्रव्ये घातलेली असतात. दात्यांच्या चापात सापडून या साखळ्या तुटतात आणि ४० चे तेल काही काळाने ३० च्या तेलासारखे वागू लागते. शिवाय ट्रॅक्टरच्या चेंबरात कित्येक लिटर तेल असते, तर लहान मोटारसायकलीत जेमतेम एक लिटर. एवढ्याशा तेलाने तीन बिऱ्हाडांचा संसार करावयाचा असल्यामुळे ते लवकर थकते. विदर्भ-मराठवाड्यात अलीकडे काही शेतकरी जुन्या मोटारसायकलीला फासा जोडून कोळपणी करतात. कल्पकतेचे कौतुकच आहे. परंतु पहिल्या गिअरमध्ये तासन् तास ओढ घेताना गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा असतो आणि इंजिनावर वारा लागत नाही. रस्त्यावर धावण्याच्या हिशेबाने छापलेले किलोमीटरचे अंतर अशा गाडीला लावणे व्यर्थ होय. तिचे तेल किलोमीटरवर न बदलता कामाच्या तासांवर आणि पुष्कळ लवकर बदलावे.

रुंद मऊ टायरांची, मोटारसायकलीसारखा हँडल असलेली जी चौचाकी गाडी परदेशांत शेतावर वापरतात, तिचाही प्रश्न हाच आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला ए.टी.व्ही. म्हणतात. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील मेंढीपालक कळप वळविण्यासाठी आणि कुंपणाची पाहणी करण्यासाठी ती सर्रास वापरतात. आपल्याकडे ती क्वचितच, बहुधा समुद्रकिनाऱ्यावर किंवा एखाद्या मोठ्या बागेत दिसते. तिच्यातही पुष्कळदा क्लच तेलात बुडालेला असतो. कामही कमी वेगाचे, जड ओढीचे आणि चिखलपाण्याचे. बर्फाळ मुलखातील पुस्तिकेत तिच्यासाठी ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यूचे तेल सांगितलेले आढळते, ते तेथील थंडीसाठी. पुस्तिकेतील उष्णतामानाचा तक्ता पाहून आपल्या हवेस योग्य तो दाटपणा घ्यावा, पण क्लचसाठी सांगितलेले मानक मात्र बदलू नये. तिच्या चाकांकडील गिअरपेटीचे तेल कित्येक बनावटींत वेगळे असते, हेही पाहावे. नाला ओलांडताना इंजिनापर्यंत पाणी चढले असेल, तर घरी आल्यावर काडी काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसले म्हणजे आत पाणी गेले. ते इंजिन तसेच चालवू नये. कोकणात भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या पॉवर टिलरलाही हीच दक्षता लागू आहे.

फवारणी पंपाचे निराळे शास्त्र

पाठीवरच्या पेट्रोल पंपाचे किंवा गवत कापणीच्या यंत्राचे इंजिन दोन धावांचे असेल, तर त्याला तेलाचे चेंबरच नसते. तेल पेट्रोलातच मिसळावयाचे आणि ते पेट्रोलाबरोबर जळून जावयाचे. म्हणून ते राख न ठेवता जळणारे असावे लागते. ट्रॅक्टरचे तेल येथे घातल्यास त्यातील द्रव्यांची राख प्लगवर आणि धुराड्याच्या तोंडाशी साचते. इंजिन सुरू होत नाही म्हणून मजूर दोरी ओढून ओढून थकतो आणि दोष पंपाला देतो. या इंजिनांसाठी डब्यावर 'जासो' पुढे एफ.बी., एफ.सी. किंवा एफ.डी. ही अक्षरे असतात, यांत एफ.डी. सर्वांत स्वच्छ जळणारे. कोकणातील मच्छीमारांच्या बोटींना लागणारे टी.सी.-डब्ल्यू.३ खुणेचे तेलही दोन धावांच्या इंजिनाचेच असते. परंतु ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असल्यामुळे वाऱ्यावर थंड होणाऱ्या फवारणी पंपास ते योग्य नव्हे.

मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेत असते. १ः२५ असेल तर एक लिटर पेट्रोलास ४० मिलिलिटर तेल, १ः५० असेल तर २० मिलिलिटर. 'एक झाकण' हे माप नव्हे. झाकणे लहानमोठी असतात. आणि घाईत तेल घालावयाचेच विसरले, तर इंजिन थोड्याच वेळात धरते. म्हणून मिश्रण वेगळ्या डब्यात करून त्यावर ठळक खूण करावी. मोटारसायकलीसाठी आणलेल्या साध्या पेट्रोलाच्या शेजारी तो ठेवू नये. याउलट, चार धावांच्या पंपात पेट्रोल साधेच घालावयाचे असते व तेल चेंबरात. दोन्ही प्रकारचे पंप आता शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे भाड्याने आणलेला पंप कोणत्या जातीचा, हे आधी विचारून घ्यावे.

ट्रॅक्टरच्या मागील भागाविषयी एकच गोष्ट सांगणे पुरे. हायड्रॉलिक, गिअर आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळे असते. तेथे इंजिनाचे तेल भरले तर ब्रेक किंचाळू लागतात व पकड बिघडते.

काळे तेल

तेल बदलून चार तास झाले नाहीत तोच काळे पडले, म्हणून दुकानदाराशी भांडण करणारे शेतकरी आहेत. डिझेल इंजिनात तेल काळे पडणे हे ते आपले काम करीत असल्याचे चिन्ह होय. काजळी इंजिनावर न बसता तेलात आली आहे. उलट, पुष्कळ दिवस चालूनही तेल सोन्यासारखे राहिले तर खूष होण्याचे विशेष कारण नाही. बोटांत चोळून "अजून दम आहे" असे ठरविणे हाही निव्वळ अंदाज होय. आम्ल मारण्याची शक्ती संपली की नाही, हे बोटांना कळत नाही.

म्हणून तासांचा हिशेब ठेवावा. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल सामान्यतः ५० तासांनी आणि पुढे पुष्कळ बनावटींत दर २५० तासांनी बदलतात. कोळपणी यंत्रासारख्या लहान इंजिनांचे त्याहून पुष्कळ लवकर. धुळीच्या नांगरटीत हे तास कमीच धरावेत. काही शेतकरी काढलेले काळे तेल पिंपात निवळत ठेवून वरचे पुन्हा वापरतात. हा हिशेब खोटा आहे. काजळी इतकी बारीक असते की ती निवळत नाही, आणि खर्ची पडलेली द्रव्ये निवळल्याने परत येत नाहीत. ज्या इंजिनांच्या हवागाळणीत तेलाची वाटी असते, तिच्यात बहुधा इंजिनाचेच नवे तेल घालावयाचे असते. तेथेही जुने तेल ओतणे हे मोडीत काढावयाचे यंत्र नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

रानात असताना पातळी खाली गेली आणि नेमके तेल जवळ नसले, तर दर्जा व दाटपणा मिळताजुळता असलेले दुसऱ्या कंपनीचे तेल थोडे घालून काम पुरे करण्यास हरकत नाही. कोरडे इंजिन चालविण्यापेक्षा ते शतपटीने बरे. मात्र खुणेच्या वर तेल भरू नये. जादा तेल घुसळून फेस होतो आणि फेसाला वंगण धरत नाही.

खरेदी करताना

सुटे तेल घेऊ नये. झाकणाची मोहोर, तयार केल्याची तारीख व घाण्याचा क्रमांक पाहून आणि पावती घेऊनच डबा घ्यावा. रिकामा डबा भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्यास भोक पाडावे किंवा तो कापावा. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांतच बनावट तेल भरून विकले जाते. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल तर पावत्या जपून ठेवाव्यात. इंजिन बिघडले असता कोणते तेल केव्हा घातले, हा पहिला प्रश्न विचारला जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस येथे करण्यासारखे एक काम आहे. यंत्राची पुस्तिका बहुधा पेटीच्या तळाशी असते आणि ती इंग्रजीत असल्यामुळे कोणी उघडीत नाही. गावात गेल्यावर ती काढावयास लावून तेलाचे पान शेतकऱ्यास मराठीत वाचून दाखवावे, आणि दाटपणा, दर्जा, किती लिटर व किती तासांनी एवढे चार शब्द तेलरंगाने पडवीच्या भिंतीवर त्या त्या यंत्राच्या जागी लिहून घ्यावेत. डब्यांनाही तोच रंग लावावा. ट्रॅक्टर बहुधा मुलगा किंवा गडी चालवितो आणि तेल आणावयास तिसराच कोणी जातो. भिंतीवर लिहिलेले सर्वांना दिसते.

उरला प्रश्न काढलेल्या तेलाचा. इंजिन थोडे गरम असतानाच ते काढावे, म्हणजे तळची घाणही वाहून येते. हे तेल गुरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती टाकून द्यावी. जनावर अंग चाटते आणि इंजिनातील धातूंचे कण व विषारी द्रव्ये त्याच्या पोटात जातात. माणसाच्या कातडीसही ते वारंवार लागणे अपायकारक आहे. हात साबणाने धुवावेत, रॉकेलने नव्हे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडते आणि ते नोंदणी असलेल्या शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जावयास हवे. एका शेतकऱ्याच्या चार-सहा लिटरांसाठी कोणी गावात येत नाही. पण अवजारे भाड्याने देणाऱ्या गटाने किंवा सहकारी सोसायटीने झाकणाचे एक पिंप ठेवले, तर ते भरल्यावर नेणारा मिळतो. ते पिंप विहिरीपासून दूर, छपराखाली ठेवावे.